सकाळी घट्ट, दुपारी पातळ

खोटारडी कोण, मी की शिफा, हा वाद तीन दिवस चालला आणि तिसऱ्या दिवशी तर आमचं बोलणंच बंद झालं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झालं तरी काय? तर किनाऱ्यावरच्या आमच्या छपरात (शेडमध्ये) एक पत्र्याचा डबा होता आणि त्या डब्यात पांढरं मेण होतं. त्या मेणाची ‘भौतिक अवस्था’ (पदार्थ घट्ट आहे, पातळ आहे की वायू आहे ते) एका शब्दात नोंदवायची होती. शिफानं नोंदवलं, ‘स्थायू’ (घट्ट, स्वतःचा आकार धरून बसणारा). मी नोंदवलं, ‘द्रव’ (पातळ, ओतला की वाहणारा). डबा तोच, मेण तेच. मी माझ्या डोळ्यांनी बघून लिहिलं होतं. तिनंही म्हणे स्वतःच्याच डोळ्यांनी बघितलं होतं. मग तुझ्या तोंडावर डोळे आहेत की बटणं, असं मी तिला विचारलं आणि तिथून सगळं बिनसलं.

नुसत्या भांडणाचं मला काही वाटलं नसतं. शिफा मुकादम आणि मी बालवाडीपासून भांडत आलोय. पण या वेळी आमच्या भांडणात एकशे बारा अंडी अडकली होती.

नीट पहिल्यापासून सांगते. हे साल २०६८. मी रेवा, सहावीत आहे. आमचं गाव आडखाडी, सिंधुदुर्गात, अगदी समुद्राला टेकून. समुद्रानं वर चढत चढत आमची अर्धी पुळण (वाळूचा किनारा) गिळून टाकली आहे. तरी समुद्री कासवांच्या माद्या अजून येतात, वाळूत खड्डा करून अंडी घालतात आणि निघून जातात. पूर्वी म्हणे वर्षाला पंधरा-वीस घरटी सापडायची. यंदा एकच सापडलं, आणि ते मला सापडलं. भरतीचं पाणी त्यावर चढणार होतं, म्हणून त्याच सकाळी आम्ही अंडी अलगद उचलली आणि छपरातल्या वाळूच्या पेटीत आणून ठेवली.

कासवाच्या अंड्यांचं एक अजब आहे. अंड्यातलं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू एकोणतीस अंशांच्या आसपास राहिली तर नरही होतात आणि माद्याही. बत्तीस-तेहतीसवर गेली की जवळजवळ सगळ्या माद्याच. त्याहून तापली तर पिल्लं आतच दगावतात. आमच्याकडे उन्हाळा इतका वाढलाय, की गेल्या दहा वर्षांत या किनाऱ्यावरून नर पिल्लू बहुतेक गेलेलंच नाही, असं कासव संवर्धन केंद्राचे लोक म्हणतात. नरच नसतील तर पुढची अंडी कुठून येणार?

गेल्या वर्षी पेटी थंड ठेवायला विजेवरचं यंत्र होतं. वादळात वीज गेली आणि दोन दिवस आलीच नाही. त्या पेटीचं काय झालं ते मी सांगणार नाही. मी तेव्हा चार दिवस जेवले नव्हते, असं आई सांगते. आई जरा वाढवून सांगते, पण त्यात खरंही आहे.

म्हणून यंदा वीज नको, असं ठरलं. यंदाच्या पेटीच्या भिंती पोकळ आहेत. त्या पोकळीत केंद्रानं पाठवलेलं मेण भरायचं आणि बाकीचं काम ते मेणच करणार, असं आम्हाला सांगितलं होतं. कसं करणार, ते कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मेण भरायच्या तोंडावर होतं कुर्लोबाचं कुलूप. कुर्लोबा म्हणजे आमच्या छपराचा यंत्रमानव. त्याला सहा पाय आहेत आणि तो वाळूवरून तिरका चालतो, म्हणून कुर्लीवरून (कुर्ली म्हणजे खेकडा) आम्ही त्याला ते नाव दिलं. मेणाची माहिती पक्की झाल्याशिवाय तो कुलूप उघडत नाही. पक्की म्हणजे कशी, तर दोघांनी एकमेकांना न विचारता बघायचं आणि दोघांचं उत्तर तेच यायला हवं.

“दोन नोंदी जुळत नाहीत. नोंद अविश्वसनीय,” असं तो तीन दिवस रोज ऐकवत होता.

“मग तूच बघ ना डब्यात वाकून,” मी म्हणाले.

“मला नोंदी तपासण्यासाठी बनवलं आहे. नोंदी करण्यासाठी नाही.”

तोवर अंड्यांना पेटीत येऊन पंधरा दिवस झाले होते. अठराव्या दिवसाच्या सुमारास आत नर-मादी ठरायला लागतं. मंगळवारी अठरावा दिवस, आणि उष्णतेची लाट येणार तीही मंगळवारीच. आतापर्यंत आम्ही दोघी पेटीवर ओली बारदानं टाकून कसंबसं भागवत होतो. शिफाची शाळा दुपारची, म्हणून ती सकाळी यायची. माझी शाळा सकाळची, म्हणून मी दुपारी यायचे. भांडण झाल्यापासून तर आम्ही एकमेकींसाठी चिठ्ठ्यासुद्धा ठेवत नव्हतो.

रविवारी सकाळी शिफा तिच्या वेळेला येऊन गेली. ती गेल्याचं बघून मग मी छपरात गेले. माझं डोकं तेलानं थबथबलेलं होतं, रविवारचं न्हाणं व्हायचं होतं. माझ्यामागून आजोबा आले.

हे आजोबा म्हणजे माझ्या आईचे बाबा. त्यांचं नाव मंदार. मंदार हे नाव मला फार म्हातारं वाटतं, पण त्यांच्या वर्गात म्हणे चार मंदार होते. औषधांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांचं काम एकच: आलेला माल मागवला होता तोच आहे ना, हे तपासायचं. अजून घरात साखरेचा डबा आला तरी ते आधी चिमटीत धरून उजेडात बघतात.

“शिफा दारातून गेली, पण आत नाही आली. काय झालं?” त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. बटणांचं सोडून.

आजोबांनी डब्याचं झाकण उघडलं. आतलं मेण घट्ट होतं. मी बघतच राहिले. काल दुपारी मी याच डब्यात काडी बुडवली होती आणि ती तेलात बुडावी तशी बुडाली होती.

“शिफानं हात लावलाय याला,” मी म्हणाले.

“शिफा बघते किती वाजता?”

“साडेसहाला.”

“आणि तू?”

“तीनला, शाळेतून आल्यावर.”

“कुर्लोबा,” आजोबा वळून म्हणाले, “काल छपरात सकाळी साडेसहाला तापमान किती होतं आणि दुपारी तीनला किती?”

“सकाळी चोवीस अंश. दुपारी तेहतीस अंश.”

आजोबा तेवढं विचारून थांबले. ते असंच करतात, अर्ध्यावर सोडून देतात आणि आपल्याकडे बघत बसतात. मला आधी राग आला, आणि मग एकदम लख्ख कळलं. सकाळी गार असताना मेण घट्ट असतं. दुपारपर्यंत तापून ते पातळ होतं. रात्री पुन्हा घट्ट. शिफा रोज घट्ट मेण बघत होती आणि मी रोज पातळ.

“म्हणजे दोघी खऱ्या,” मी म्हणाले. हे म्हणणं मला जरा जड गेलं.

“दोघी खऱ्या. प्रश्नच अर्धा विचारलाय. पुण्याच्या तुझ्या मावशीची खोबरेलाची बाटली डिसेंबरात कशी असते?”

“गोठलेली. ती उन्हात ठेवते.”

“आणि आपली?”

“आपली कधीच गोठत नाही.”

“मग खोबरेल स्थायू की द्रव? पदार्थाची अवस्था सांगायची तर किती तापमानाला, तेही सांगावं लागतं. पुस्तकात नुसतं ‘स्थायू’ लिहिलेलं असतं, तिथं ‘कक्ष तापमानाला’ (खोलीत साधारण असतं त्या तापमानाला) असं गृहीत धरलेलं असतं. पण खोली कुठली? पुण्याची की आपली? सकाळची की दुपारची?”

“रकान्यात तापमानाला जागा नाही,” कुर्लोबा म्हणाला.

“ती चूक रकान्याची,” आजोबा म्हणाले. “रेवा, शिफाला बोलावून आण. तिच्याशिवाय पुढचं काम व्हायचं नाही.”

हे सगळ्यात अवघड होतं. शिफाच्या घराच्या पायरीवर मी बराच वेळ उभी राहिले. ती बाहेर आली आणि हाताची घडी घालून बघत राहिली.

“तुझे डोळे बटणं नाहीत,” मी म्हणाले.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. मग चपला घालून निघाली. आमच्यात माफी अशीच मागतात.

छपरात आल्यावर कळलं, की काम संपलेलं नाही, आता कुठे सुरू होतंय. केंद्राकडे मेणाचे तीन प्रकार आहेत. एक सव्वीस अंशांना वितळतं, एक एकोणतीस अंशांना आणि एक चौतीसला. दिसायला तिन्ही सारखी, पांढरी, बिनवासाची. आपल्याला हवं एकोणतीसचं. डब्यावर चिठ्ठी होती, पण गोदामात पडून असताना कसरीनं (कागद खाणाऱ्या किड्यानं) तिची चाळण केली होती. आकडा होता तिथं भोक होतं.

“या आकड्याला द्रवणांक म्हणतात,” आजोबा म्हणाले. “स्थायू ज्या तापमानाला वितळून द्रव होतो, तो त्याचा द्रवणांक. शुद्ध पदार्थाचा द्रवणांक ठरलेला असतो. माणूस नाव बदलून सांगेल, पण शुद्ध पदार्थ आपला द्रवणांक बदलू शकत नाही. कारखान्यात एखाद्या पावडरीचा संशय आला की आम्ही पहिल्यांदा तोच मोजायचो. आता सांगा, तुमच्या भांडणातून काय काय कळतं?”

शिफाचं डोकं अशा वेळी माझ्याआधी चालतं. “चोवीसला घट्ट असतं आणि तेहतीसला पातळ. म्हणजे द्रवणांक मधे कुठेतरी आहे. चौतीसचं असतं तर दुपारीही घट्टच राहिलं असतं.”

“म्हणजे चौतीसचं नाही,” मी म्हणाले. “सव्वीस की एकोणतीस, एवढंच उरलं.”

तीन दिवस भांडून आम्ही नकळत अर्धं उत्तर काढलं होतं. हे मी आजोबांना बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, भांडण जरा कमी केलं असतं तर उरलेलं अर्धंही निघालं असतं.

त्यांनी घरून एक लाकडी पेटी आणली. तिच्यात कापसात गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या होत्या, केसासारख्या बारीक. त्यांना केशनलिका म्हणतात. मेण थोडं वितळवून नळीचं टोक त्याला लावायचं, की नळी आपोआप ते वर ओढून घेते. मग ते गार करून पुन्हा घट्ट होऊ द्यायचं आणि नळीचं खालचं तोंड कणकेच्या गोळीनं बंद करायचं. मग ती नळी दोऱ्यानं तापमापीला बांधायची, अशी की मेण तापमापीच्या फुग्याला अगदी लागून राहील. शेवटी दोन्ही मिळून माठातल्या गार पाण्याच्या काचपात्रात सोडायची.

नळी भरायचं काम मी मागून घेतलं. डब्यातला मेणाचा कण तळहातावर घेतला, तीर्थ घेतात तसा. हाताच्या उबेनं तो बघता बघता वितळला. नळीचं टोक लावलं आणि मेण सरसर वर चढलं. मला ते इतकं आवडलं, की मी तिन्ही नळ्या तशाच भरल्या.

आजोबांनी काचपात्राखाली छोटा दिवा लावला.

“घाई करायची नाही. मिनिटाला एक अंश, त्याहून जास्त नको. भराभर तापवलं तर तापमापी आणि मेण यांचं जमत नाही. एक पुढे जातं, एक मागे राहतं, आणि आपण भलताच आकडा लिहितो. शिफा, पाणी ढवळत राहा. रेवा, मेण पांढरं आहे तोवर स्थायू. कडेला ओलसर दिसलं की मला सांग, आणि सगळं काचेसारखं पारदर्शक झालं की पुन्हा सांग. दोन आकडे लिहायचे, सुरुवातीचा आणि शेवटचा.”

वीस. एकवीस. बावीस. तुम्ही कधी दूध उतू जायची वाट बघितली असेल तर तुम्हाला कळेल. साडेचोवीसला कडा ओलसर झाली. “सुरू झालं,” मी म्हणाले. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, तरी मधला ठिपका पांढराच. साडेसत्तावीसला सगळं पारदर्शक झालं. दुसरी नळी, तिसरी नळी, थोड्याफार फरकानं तेच.

“मध्य सव्वीस,” कुर्लोबा म्हणाला. “पदार्थ सव्वीस अंशांचं मेण असावा. डबा परत पाठवावा. नवा डबा आठ दिवसांत येईल.”

आठ दिवस. मंगळवार दोन दिवसांवर होता. सव्वीसचं मेण सकाळीच वितळून गेलं असतं आणि दुपारी आमच्या काही उपयोगाचं नव्हतं. मी पेटीकडे बघितलं. वरून नुसती वाळू दिसते, पण मला खाली ती एकशे बारा अंडी दिसत होती.

“आजोबा,” शिफा वहीत बघत म्हणाली, “सुरुवात साडेचोवीसला आणि शेवट साडेसत्तावीसला. तीन अंशांत ते हळूहळू वितळलं. तुम्ही तर म्हणालात, शुद्ध पदार्थाचा द्रवणांक ठरलेला असतो.”

आजोबांनी दिवा विझवला आणि खाली बसकण मारली. ते खूश होते, हे मला त्यांच्या भुवयांवरून कळलं.

“शाबास. मी याचीच वाट बघत होतो. स्थायूमधले कण कसे असतात सांगू? प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे. रांगेत असतात, जागच्या जागी चुळबुळ करतात, पण रांग सोडत नाहीत. उष्णता दिली की चुळबुळ वाढते. वाढता वाढता एका ठरावीक तापमानाला रांग मोडते आणि सगळे इकडे तिकडे फिरायला लागतात. तो झाला द्रव. सगळी मुलं एकसारखी असतील तर रांग एकदम मोडते. पण रांगेत मधेच कोणी उपरा घुसला असेल तर?”

“तर तिथली रांग आधीच विस्कटलेली असते,” मी म्हणाले.

“बरोबर. म्हणून अशुद्ध पदार्थ कमी तापमानालाच वितळू लागतो, आणि एका झटक्यात नाही, रेंगाळत वितळतो. पॉटमधल्या आईस्क्रीमला बर्फात मीठ घालतात ते उगीच नाही. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीच वितळायला लागतो. तर या मेणात उपरा कोण घुसला?”

कुर्लोबा म्हणाला, “डबा केंद्रात मोहोरबंद केला होता. डब्यात अशुद्धी असण्याची शक्यता फार कमी.”

मी माझ्या तळहाताकडे बघितलं. तो चकाकत होता. सकाळी आईनं डोक्यावर तेल थापलं तेव्हा मीही दोन्ही हातांनी ते केसांत चोळलं होतं, आणि हात फ्रॉकला पुसले होते. पुसले म्हणजे काय, नावाला.

बोलले नसते तर कोणाला कळलं नसतं. डबा परत गेला असता आणि दोष डब्याचा ठरला असता. खोटं कशाला बोलू, एक क्षण तसं मनात आलं होतं. शिवाय तीन दिवस मी शिफाच्या डोळ्यांना नावं ठेवत फिरले होते आणि आता चूक माझ्या हातांची होती.

“उपरा मी घुसवला,” मी म्हणाले. “माझ्या हाताला खोबरेल आहे.”

मला वाटलं शिफा आता काही सोडत नाही. पण ती पळत जाऊन साबण घेऊन आली. “आधी धू,” एवढंच म्हणाली. नंतर महिनाभर तिनं मला ‘तेलकट शास्त्रज्ञ’ म्हणून हैराण केलं, तो भाग वेगळा.

मी कोपरापर्यंत हात धुतले, तीनदा. तरी आजोबांनी मेणाला हात लावू दिला नाही. या वेळी डब्याच्या मधलं मेण धुतलेल्या चमच्यानं काढलं, तो चमचा कोमट पाण्यावर धरला आणि नव्या नळ्या चमच्यातूनच भरल्या. भरल्या शिफानं. मी दिवा सांभाळला.

चोवीस गेले, मेण पांढरं. सव्वीस गेले, पांढरंच. सत्तावीस. अठ्ठावीस. शिफाचा ढवळणारा हात थांबला होता, आजोबांनी तो पुन्हा सुरू करून दिला. अठ्ठावीस पूर्णांक आठला कडा ओलसर झाली, आणि मी ‘सुरू’ म्हणेपर्यंत एकोणतीस पूर्णांक दोनला सगळं पारदर्शक. दुसऱ्या नळीत तेच. तिसऱ्या नळीत तेच.

“एकोणतीस,” शिफा म्हणाली आणि खाली वाळूत बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुराचं म्हणून खपवलं. दिव्याला धूर नव्हता.

कुर्लोबाला आम्ही नवी नोंद दिली. तापमानाला जागा नव्हती, म्हणून शब्दाच्या जागी मी अख्खं वाक्य लिहिलं: ‘चोवीस अंशांना स्थायू, तेहतीस अंशांना द्रव, द्रवणांक एकोणतीस.’ शिफानं वेगळं बसून, मला न विचारता, तेच लिहिलं. पहिल्या चुकलेल्या मोजणीचे आकडेही आजोबांनी खाली लिहायला लावले, कारणासकट, माझ्या नावासकट. चुकलेली मोजणी खोडायची नसते, असा त्यांचा नियम आहे.

कुर्लोबानं दोन्ही नोंदी तपासल्या. मग म्हणाला, “नोंदी जुळतात.” आणि पेटीच्या तोंडाचं कुलूप खट्कन उघडलं.

तीन वाजेपर्यंत मेण आपोआप पातळ झालं आणि आम्ही ते नरसाळ्यानं भिंतींच्या पोकळीत ओतलं. ओतताना मी आजोबांना विचारलं, “पण हे करणार काय? नुसतं वितळून अंडी गार कशी राहतील?”

आजोबांनी स्टीलच्या पेल्यात पाणी आणि मासळीच्या पेटीतला चुरा बर्फ घातला आणि तापमापी बुडवून पेला उन्हात ठेवला. आकडा शून्याच्या जवळ येऊन थांबला. बाहेर एवढं ऊन, तरी बराच वेळ तो हलला नाही. बर्फाचा शेवटचा तुकडा वितळला तेव्हा कुठे तो वर सरकू लागला.

“इतका वेळ ऊन कुठे गेलं?” त्यांनी विचारलं.

“बर्फ वितळवण्यात,” शिफा म्हणाली.

“रांग मोडायला उष्णता खर्च होते. ती तापमापीवर दिसत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्मा (लपलेली उष्णता) म्हणतात. बर्फ हे काम शून्याला करतो, आपलं मेण एकोणतीसला. दुपारची उष्णता मेण गिळेल आणि वितळत राहील, पण एकोणतीसच्या पुढे जाणार नाही. रात्री गार वारा आला की ते गोठेल आणि गिळलेली उष्णता परत देईल. अंड्यांना ना दुपार कळेल ना रात्र.”

मंगळवारी लाट आली. छपरात सदतीस अंश झाले आणि आम्ही ओल्या बारदानांनीही मेणाला हात दिला. मी दर तासाला पेटीतला आकडा बघत होते. सगळ्यात वाईट दुपारी तो एकोणतीस पूर्णांक सहा झाला आणि संध्याकाळी गुपचूप खाली आला. पुढे शाळेत माझं लक्ष लागायला लागलं, यावरून काय ते समजा.

बावन्नाव्या दिवशी पहाटे पेटीतली वाळू हलली. आधी एक काळं नाक आलं, मग चार, मग सगळी पेटीच उकळल्यासारखी झाली. एकशे बारापैकी सत्त्याण्णव पिल्लं बाहेर आली. सूर्य वर यायच्या आत आम्ही ती पुळणीवर सोडली. गावातले सगळे लांब उभे होते. पिल्लं धडपडत, उलटीसुलटी होत पाण्याकडे चालली.

“नर किती, माद्या किती?” कुर्लोबानं विचारलं.

“बाहेरून बघून सांगता येत नाही,” मी म्हणाले. “मोठी होईपर्यंत कोणालाच सांगता येत नाही.”

“मग कधी कळेल?” शिफानं आजोबांना विचारलं.

“माद्या पंधरा-एक वर्षांनी अंडी घालायला किनाऱ्यावर येतील. बहुतेक आपल्याच बाजूला. नर मात्र एकदा समुद्रात गेले की गेले. ते सहसा जमिनीवर पाऊल टाकत नाहीत.”

“म्हणजे नर झाले असतील, तर ते आम्हाला पुन्हा दिसणारच नाहीत?”

“नाही दिसणार. पेटीचं तापमान काय राहिलं, तेवढंच तुमच्याकडे राहील. त्यावरून समजायचं.”

शिफानं हिशेब केला, की पंधरा वर्षांनी आपण सव्वीस-सत्तावीसच्या असू, आणि दर वर्षी याच महिन्यात इथे येऊन बघू, किती परत आल्या ते. मी हो म्हणाले. तेवढ्यात शेवटचं पिल्लू पाण्याशी पोचलं. सगळ्यात मागे राहिलेलं, पुन्हा पुन्हा भलतीकडे वळणारं. एका लाटेनं त्याला मागे ढकललं, दुसरीनं उचललं आणि ते दिसेनासं झालं. मी अजून बघतेय हे शिफाला कळलं असावं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “येईल गं ते परत.”

“नाही आलं तर फार बरं होईल,” मी म्हणाले.